दोननंतर एकदम पाच

परिपत्रक, १ एप्रिल. कागदाची बचत म्हणून यापुढे कार्यालयातली सर्व छपाई कागदाच्या दोन्ही बाजूंना होईल. अपवाद नाही.

वनस्पती संग्रहाच्या खोलीत, कपाटाच्या दारावर, पेन्सिलीने लिहिलेलं: शीट दोन हातांनी आडवी धरावी. पुस्तकाच्या पानासारखी उलटू नये. झाड गळून पडतं.

दशक्रिया विधी, मंगळवार, २९ एप्रिल, सकाळी साडेसात, गोदावरीचा घाट, पुणतांबा. शोकाकुल समस्त कोळसे परिवार.

अर्ज क्रमांक ४७. यशोधरा जगधने, मु. पो. राजूर, ता. अकोले. पदवी: बी.एस्सी. कृषी. अनुभव: ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत उसाची रोपं वाढवणे, पाच वर्षे. ऐच्छिक विषय:

राजीनामा. पुढील शिक्षणासाठी मी ३० जूनपासून कामावरून मुक्त होऊ इच्छिते.

फाईलला बांधलेली पांढरी लेस इतकी आवळलेली होती की कागदांना पोक आलं होतं.

पान १

काही हरवलं की प्राचार्यांचा आवाज बारीक व्हायचा. पंचवीस जुलैच्या शुक्रवारी सकाळी अकराला त्यांनी माधुरी शेळकेंना केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा तो इतका बारीक झाला होता की ऐकू येण्यासाठी पंखा बंद करावा लागला.

टेबलावर एक फाईल उघडी होती. एम.एस्सी. जीवशास्त्र, प्रवेशपात्रता आणि अभ्यासक्रम, सुधारित. अकरा एप्रिलला अभ्यास मंडळाच्या पाच जणांनी बसून जुने नियम बदलले होते. प्रवेश कोणाला द्यायचा, कोणते विषय सक्तीचे, कोणते मर्जीवर, सगळं त्यात होतं. बैठक संपली, फाईल कपाटात गेली. आज ती बाहेर काढली तर पान एक, पान दोन आणि मग एकदम पान पाच.

"तीन नाही," प्राचार्य म्हणाले.

पान तीनवर कलम चार-ख होतं. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यालाच प्रवेश, हा जुना नियम. चार-खने त्याला एक दार पाडलं होतं. कृषीच्या पदवीधरालाही घ्यावं, पण त्याने प्रवेश परीक्षा द्यावी आणि पहिल्या सहा महिन्यांत एक पूरक अभ्यासक्रम करावा. टाईप केलेल्या मसुद्यात हे कलम नव्हतंच. ते बैठकीत ऐनवेळी निघालं, विभागप्रमुखांनी हाताने लिहिलं आणि पाचही जणांनी शेजारी छोट्या सह्या केल्या. त्यामुळे संगणकात त्याचा मागमूस नाही. पुन्हा लिहून पुन्हा सह्या घ्याव्यात, तर पात्रता बदलायला बाहेरच्या तज्ज्ञाची सही लागतेच, आणि ते तज्ज्ञ, पुणतांब्याचे डॉ. रंभाजी कोळसे, बैठकीनंतर नवव्या दिवशी झोपेतच गेले होते.

प्रवेश परीक्षेत पहिली आली होती ती राजूरची यशोधरा जगधने. कृषी पदवीधर. तिच्या पायाखाली चार-खशिवाय दुसरी जमीन नव्हती. प्रतीक्षा यादीत पहिला होता अमृत ढूस, आणि त्याचे वडील आप्पासाहेब ढूस यांनी काल लेखी अर्ज दिला होता की सह्यांचा मूळ ठराव दाखवा. म्हणून तर फाईल उघडली.

विद्यापीठाच्या पोर्टलवर बारा जणांची यादी संध्याकाळी पाचपर्यंत चढवायची होती. ठराव दाखवता आला नाही तर जुना नियम, आणि जुन्या नियमात मुलगी बसत नव्हती.

माधुरीबाईंनी विचारलं, पोलीस? प्राचार्यांनी मान हलवली. पोलीस पाचपर्यंत पंचनामासुद्धा पुरा करणार नाहीत. "तुम्ही कॉपी पकडता. कागद कुठं जातो ते तुम्हाला कळतं."

हे खरं होतं. माधुरीबाई शिकवायच्या संख्याशास्त्र, पण जिल्हाभर त्यांची ओळख भरारी पथकातल्या बाई अशीच होती. वीस वर्षांत त्यांनी मोज्यातून, ओढणीच्या दुमडीतून, कंपासपेटीच्या तळातून, एकदा तर खोट्या प्लॅस्टरमधून चिठ्ठ्या काढल्या होत्या. एकालाही कधी सोडलं नव्हतं. त्यातून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. माणूस कागद लांब नेऊन टाकत नाही. जिथं त्याचा हात रोज जातो तिथंच ठेवतो.

केबिनबाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर बॅग, बॅगेवर स्टीलची बाटली. यशोधराच ती, हे विचारावं लागलं नाही. पहाटेच्या गाडीने आल्याचं तिच्या चपलांवरच्या लाल मातीवरून दिसत होतं.

"मॅडम, यादी लागायला उशीर का होतोय?"

सह्यांचं काम चाललंय, असं माधुरीबाई बोलून गेल्या. मुलीने मान डोलावली. मग, कोणी विचारलेलं नसताना, हळूच सांगितलं की लॅबमधली तिची जागा भरलीसुद्धा. नवी मुलगी एक तारखेलाच रुजू झाली.

"मी पाचपर्यंत इथंच हाय," ती म्हणाली.

पान २

कार्यालयातल्या सुनीलला घाम फुटला होता. कपाटाची किल्ली एकच, ती त्याच्या कमरेला. स्कॅनर मार्चपासून बंद, त्याबद्दल त्याने दोन पत्रं दिली होती. दोन्ही पत्रांच्या प्रती त्याने आपणहून दाखवल्या. आपल्याला जबाबदार धरतील या भीतीने तो विचारलं त्याच्या तिप्पट सांगत होता, आणि माधुरीबाईंना अशी माणसं आवडायची.

फाईल कपाटातून एकदाच बाहेर आली होती. पंचवीस जूनला, नव्या वर्षाच्या वेळापत्रकासाठी. तो ती टेबलावर उघडी टाकून कुरिअर घ्यायला गेटवर गेला. दहा मिनिटं. परत आला तर फाईल मिटलेली, बांधलेली. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून कोणीतरी बांधली असेल, असं त्याला वाटलं. बरंच वाटलं. त्याचं काम झालंच होतं, त्याने ती तशीच कपाटात ठेवली.

त्या दहा मिनिटांत तिघे येऊन गेले होते, गेटवरून त्याला कार्यालयाचं दार आणि खिडकी दिसत होती. विभागप्रमुख डॉ. सम्राट भालेराव वेळापत्रक बघायला. वनस्पतिशास्त्राचे प्रा. कानिफनाथ म्हसे पेन्शनच्या कागदांवर सही करायला, कारण ते पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. आणि खिडकीशी आप्पासाहेब ढूस, अर्जाची तारीख विचारायला.

माधुरीबाईंनी फाईल उलटसुलट करून पाहिली. कडा फाटलेली नव्हती, लेसची भोकं शाबूत. म्हणजे घेणाऱ्याने गाठ सोडली, पान काढलं आणि पुन्हा गाठ मारली. घाईत असलेला माणूस पान ओढून फाडतो. याला कागदाची दया आली होती.

"ही गाठ तुझी?"

सुनीलने पाहिलं. तो तर बुटाच्या नाडीसारखं फूल बांधायचा. ही गाठ त्याची नव्हती. आज त्याने ती कशीबशी सैल करून पानं मोजली होती, पुन्हा घट्ट करायला नुसती शेपटी ओढावी लागली.

आप्पासाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. देवळाली प्रवरेत त्यांचा बारा एकर ऊस, आणि बोलताना ते समोरच्याकडे न बघता उसाच्याच दिशेला बघत. त्यांच्यावर संशय घेणं सोपं होतं, म्हणून माधुरीबाईंनी तो आधी उरकून टाकायचं ठरवलं.

"मॅडम, आमी कागद मागितला. कागद मागनं गुन्हा हाय का?"

नाही, त्या म्हणाल्या. पण कागद नाही हे माहीत असल्यावर मागणं, तो गुन्हा.

आप्पासाहेब हसले. म्हणाले, माहीत असतं तर जूनमध्येच मागितला असता, जुलै संपायची वाट कशाला बघितली असती? पोराचं नाव बाराच्या खाली तेरावं आलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं की वरच्या एका नावाला नवा नियम लावलाय. मग म्हणलं नियम बघू. "त्या पोरीशी माझं वैर न्हाई. तिनं पेपर लिवला, पैली आली. पन नियम हाय का न्हाई, येवढं दाखवा. असंल तर मी ह्या पावली घरी जातो."

खिडकीची जाळी माधुरीबाईंनी जाऊन पाहिली. तिच्यातून हात आत जात नव्हता. बोटं जात होती, दुसऱ्या पेरापर्यंत.

उरले दोघे. एक वाजून गेला होता. सम्राट भालेराव तीनपर्यंत वर्गात, आणि म्हसे सर चार दिवस झाडं गोळा करायला राजूरच्या डोंगरात. फोन लागत नव्हता.

पान ५

म्हसे सर आले ते मागच्या फाटकाने, पावणेतीनला, पाठीवर कागदांत दाबून दोरीने आवळलेल्या झाडांच्या गड्डीचं ओझं घेऊन. कार्यालयाकडे न जाता थेट आपल्या संग्रहाच्या खोलीत गेले. माधुरीबाई तिथं आधीच उभ्या होत्या.

खोलीत डांबरगोळ्यांचा वास. लोखंडी कपाटांत चार हजारांवर शीट, प्रत्येकावर एक वाळलेलं झाड, खाली कोपऱ्यात पेन्सिलीने नाव, गाव, तारीख. शाई स्पिरिटने जाते, दमटपणाने जाते, म्हणून सर पेन्सिलीशिवाय काहीही वापरत नसत. हजेरीसुद्धा पेन्सिलीने घेतात म्हणून मुलं त्यांची टिंगल करायची.

माधुरीबाईंना म्हसे सरांकडून मदत हवी होती. संशय त्यांच्यावर घेताच येत नव्हता. चार-ख त्यांचंच. बैठकीत ते उभं राहून बोलले होते की राजूरच्या एका मुलीने तीन वर्षांपूर्वी मला एक गवत आणून दाखवलं आणि त्याचं नाव बरोबर सांगितलं, जे आपल्या एम.एस्सी.च्या मुलांना येत नाही. अशांना दार उघडा. सम्राट भालेरावांनी विरोध केला. म्हसे सर तासभर भांडले आणि जिंकले. ज्याने दार पाडलं तो ते बुजवेल कशाला?

त्यांनी एवढंच सांगितलं की एप्रिलच्या फाईलमधून पान तीन गेलंय.

सरांच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"तीन?"

"तीन."

"तीन कसं जाईल? तीनला कोण हात लावील?"

वीस वर्षांत माधुरीबाईंनी खोटं आश्चर्य शेकडो वेळा पाहिलं होतं. भुवया वर जातात, पण खांदे तसेच राहतात. सरांचे खांदे पडले होते. हे आश्चर्य खरं होतं, त्यात काही वादच नव्हता.

मग ते सावरले. म्हणाले, नीट मोजा, सुनील धांदरट आहे, तीन तिथंच असेल दोनला चिकटून. आणि गड्डी सोडायला वळले.

माधुरीबाई बाहेर आल्या त्या एका नावावर काट मारून. जिना उतरताना मात्र त्या थबकल्या. पान गेलंय एवढंच त्या बोलल्या होत्या. घाबरतो तो विचारतो, कुणी नेलं. चिडतो तो विचारतो, आता काय. सरांनी विचारलं होतं, तीन कसं जाईल.

जणू दुसरं एखादं पान गेलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं.

पान ६

सम्राट भालेराव पस्तिशीचे, हैदराबादहून डॉक्टरेट करून आलेले, आणि उत्तरं देताना घड्याळाकडे बघणारे. त्यांनी काही लपवलं नाही.

"मी चार-खला विरोध केला होता, मॅडम. मग सहीही केली. दोन्ही खरं आहे."

विरोध मुलीला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. पूरक अभ्यासक्रम शिकवणार कोण? आधीच दोन जागा रिकाम्या. मूल घ्यायचं आणि दुसऱ्या सहामाहीत नापास करायचं, हे त्यांना पटत नव्हतं. पण एकदा ठरलं ते ठरलं.

माधुरीबाई म्हणाल्या, पान गेलं तर तुमचंच म्हणणं खरं होतं.

"पान गेलं तर माझं वर्ष जातं." ते पहिल्यांदा चिडले. "सगळे तीन-तीन करताय. मागे काय होतं ते कोणी बघितलं का? पान चार. विषयांची नवी यादी. रेणवीय जीवशास्त्र सक्तीचं, वनस्पती वर्गीकरण ऐच्छिक. दोन वर्षं घासलंय मी त्यावर. ते नसेल तर सोमवारपासून जुनाच अभ्यासक्रम शिकवायचा."

"मागे?"

"मागच्या बाजूला. एक एप्रिलचं परिपत्रक. एकच कागद, पुढे तीन, मागे चार."

माधुरीबाई सकाळपासून जे शोधत होत्या त्याला दोन बाजू होत्या, आणि त्यांनी एकच धरली होती. कॉपी पकडणाऱ्या बाईने चिठ्ठी उलटून बघायची राहावी, याची त्यांना मनातून लाज वाटली.

साडेतीनला त्या फाईल घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. तिथं बायडाबाई काचेची भांडी धूत होत्या. तीस वर्षं त्यांनी विभागातली बरण्या-नळ्या धुतल्या होत्या आणि म्हसे सरांच्या गड्डीतले ओले कागद रोज बदलले होते. माधुरीबाईंनी फाईल पुढे केली, लेसवर बोट ठेवलं आणि विचारलं, मावशी, असली गाठ कुठं बांधतात?

बायडाबाईंनी हात पदराला पुसले. गाठीकडे पाहिलं. पुरते दोन श्वास पाहिलं.

"काय की बाई. मला काय ठावं."

आणि बोलता बोलता, टेबल आवरावं इतक्या सहजपणे, त्यांनी लेसची शेपटी धरून उलटी ओढली. गाठ फस्सकन सुटली. मग त्यांनी लेस पुन्हा बांधली. साधं फूल, बुटाच्या नाडीसारखं.

"लई आवळलं हुतं वो. कागद मोडत्यात."

पुरावा डोळ्यांसमोर गेला होता. माधुरीबाईंनी त्यांना अडवलं नाही. सुनीलला ती गाठ सोडायला सकाळी दहा मिनिटं लागली होती. बायडाबाईंनी ती न बघता, एका ओढीत सोडली.

"मावशी, तुम्ही रोज किती गड्ड्या सोडता?"

बायडाबाईंचे डोळे भरले. झाडं वाळतात तशी गड्डी बारीक होत जाते, त्या सांगू लागल्या, म्हणून दोरी रोज आवळावी लागते. साधी गाठ असेल तर रोज सोडा, रोज बांधा. सरांनी त्यांना ही शिकवली होती. एकीकडून ओढली की आवळते, दुसरीकडून ओढली की सुटते. "देवमानूस हाय बाई त्यो. कुनाचं वंगाळ करायचा न्हाई."

"माहीत आहे," माधुरीबाई म्हणाल्या. "तेच तर कळत नाही."

पावणेचार झाले होते.

पान ७

रिकाम्या वर्गात बसून त्यांनी खडूने फळ्यावर चार चौकोन काढले. ही त्यांची शिकवायची रीत होती, आणि आज शिकायची.

वर लिहिलं, तीन. त्याच्या शेजारी, चार. खाली माणसं.

ढूस यांना तीन जावं असं वाटणार, चारशी त्यांचं घेणं नाही. पण त्यांचा हात जाळीतून जात नाही. भालेरावांना तीन गेलं तर चालेल, पण चार गेलं तर ते बुडाले, आणि एकाच कागदावर दोन्ही आहेत हे त्यांना पक्कं माहीत. सुनीलने तर स्वतः छापलेलं. म्हसे सरांना तीन प्राणापलीकडे, आणि चार?

चारवर त्यांचा विषय होता. पस्तीस वर्षं सक्तीचा असलेला. आता ऐच्छिक. भालेराव मागे एकदा बोलून गेले होते की संग्रहाच्या खोलीत पुढे नवी यंत्रं बसवता येतील.

म्हणजे सरांना चार जायला हवं होतं आणि तीन राहायला हवं होतं. एका कागदाबाबत हे होऊच शकत नाही. शहाणा माणूस असा कागद घेणारच नाही.

खडू थांबला.

ज्याला तो एक कागद आहे हे माहीतच नाही, तो घेईल.

एप्रिलच्या बैठकीत पान फिरलं ते तीनची बाजू वर करून. सरांनी सही केली आणि पुढे सरकवलं. पंचवीस जूनला टेबलावर फाईल उघडी होती ती सुनीलच्या वेळापत्रकासाठी, म्हणजे विषयांच्या यादीवर, चारवर. सरांनी चार पाहिलं आणि चार उचललं. दुसरा कोणीही कागद उचलला की सवयीने उलटून बघतो. शाळेतलं पोरही बघतं. पण या माणसाने सारं आयुष्य अशा कागदांत घालवलं होतं ज्यांना मागची बाजू नसते, आणि ज्यांना उलटणं हे त्याच्या धर्मात पाप होतं.

म्हणून तीन गेल्याचं ऐकून खांदे पडले. चार गेल्याचं त्यांना ठाऊकच होतं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.

पान ८

सर नवी झाडं कागदात पसरत होते. माधुरीबाईंनी दार लोटलं आणि खालच्या आवाजात विचारलं, पान चार कुठं आहे?

त्यांनी नाकारलं नाही. फक्त हातातलं पान, एका कारवीचं, नीट सरळ केलं.

"बघा, ऐच्छिक म्हणजे काय, मॅडम? एकानं तरी घेतला तर शिकवायचा. नाहीतर खोलीला कुलूप. कोण घेतंय आता? मोबाईल झाडासमोर धरला की नाव येतं. मला वाटलं, पान नसलं की एक वर्ष जुनंच चालेल. माझं शेवटचं वर्ष. पुढच्या मेनंतर काय करायचं ते करा." मग ते थोडे ताठ होऊन म्हणाले, "मुलांचं त्यात काही अडत नाही. चार-ख तीनवर आहे. तिथं मी बोटही लावलेलं नाही."

"पान दाखवा, सर."

त्यांनी पाचवं कपाट उघडलं. सर्वांत खालचा कप्पा. तिथल्या जाड फोल्डरवर पेन्सिलीने लिहिलं होतं: आता सापडत नाहीत. आत प्रवरेच्या काठची झाडं होती, तीस वर्षांपूर्वी गोळा केलेली, जी पुन्हा त्यांच्या हाती लागली नव्हती. सगळ्यांत वरच्या शीटवर, चार कोपऱ्यांना चार कागदी पट्ट्यांनी बांधलेलं, अभ्यास मंडळाचं पान चार. खाली कोपऱ्यात तारीखसुद्धा होती. पंचवीस जून. चोरीलासुद्धा त्यांनी चिठ्ठी लावली होती.

"हे उलटा," माधुरीबाई म्हणाल्या.

"उलटायचं नसतं."

"सर, बाहेर बाकावर यशोधरा बसलीय सकाळपासून. नोकरी सोडून आलीय. पाच वाजता यादीतून तिचं नाव निघतं. का निघतं, ते या कागदाच्या पाठीवर लिहिलंय."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. पहिली पट्टी कापली, दुसरी कापली. तिसरीला माधुरीबाईंनी शीट धरली. चौथी सुटली.

त्यांनी कागद उलटला नाही. दोन्ही हातांवर आडवा घेतला, खिडकीशी गेले, डोक्यावर उचलला आणि मान वर करून खालून वाचला. वरून उजेड येत होता. कागदातून आधी चारची टाईप केलेली अक्षरं उलटी दिसली असतील. मग निळ्या शाईतलं भालेरावांचं अक्षर. मग पाच छोट्या सह्या. त्यातली एक पुणतांब्याच्या कोळसेंची, एक पेन्सिलीतली.

सरांचे हात दुखायला लागले असावेत, पण कागद हलला नाही.

"हे दिलं की चारही परत आलं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही अहवाल लिहिणार."

माधुरीबाईंनी वीस वर्षांत एकालाही सोडलं नव्हतं. पण इतकं गप्प राहावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं. कपाटामागे पडलेलं सापडलं, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. सुनील सुटला असता, मुलगी सुटली असती. पण आप्पासाहेबांनी विचारलं असतं, कपाटामागे कसं गेलं, आणि त्या एका खोट्याच्या आधारावर मुलीचा प्रवेश पुन्हा डुगडुगला असता. त्यांनी ते सरांना सांगितलं. 

"मग खरं लिहा," ते म्हणाले. "आणि पेनानं लिहा."

ते स्वतःच निघाले. कागद दोन्ही तळहातांवर आडवा, छातीच्या उंचीला, पाण्याने काठोकाठ भरलेली परात न्यावी तसा. दारात बायडाबाई उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या. व्हरांड्यात आप्पासाहेब खुर्चीतून उठले. बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तुमी? डोंगरात गेल्ता म्हनं." सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात हलला असता.

सुनील उठून उभा राहिला. घड्याळात चार वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

आप्पासाहेबांनी चष्मा लावून पाचही सह्या मोजल्या. मग चष्मा काढला, प्राचार्यांना नमस्कार केला आणि बोलल्याप्रमाणे त्याच पावली घरी गेले.

पान ३

एम.एस्सी. जीवशास्त्र, प्रथम वर्ष. प्रवेश यादी. पोर्टलवर चढवल्याची वेळ दुपारी ४ वाजून ५२ मिनिटे. क्रमांक १: जगधने यशोधरा, कलम ४ (ख) अन्वये. एकूण नावे बारा.

सोबत: प्रा. माधुरी शेळके यांचा अहवाल, पाने दोन, एकाच बाजूला लिहिलेली. अहवालाखाली प्रा. कानिफनाथ म्हसे यांची कबुली, निळ्या शाईत. तिच्यावर काय करायचं ते ऑगस्टच्या बैठकीत ठरेल.

पान ४

अर्ज क्रमांक ४७, जगधने यशोधरा, बारा मे रोजी कार्यालयात आला होता. पंचवीस जूनला तो त्याच कपाटात, त्या फाईलच्या खालच्या कप्प्यात होता. ऐच्छिक विषय: वनस्पती वर्गीकरण.